वाळवंटात घुमट: सान हाविएर देल बाक आणि स्पॅनिश मिशन चर्चांचं बांधकाम

कोरडवाहू

अ‍ॅरिझोनात राहायला आल्यापासून एका इमारतीकडे माझे पाय सतत वळतात. टूसॉन शहराच्या दक्षिणेला, सांताक्रूझ नदीच्या काठी, तोहोनो ओओधाम या मूळ रहिवाशांच्या भूमीवर सान हाविएर देल बाक नावाचं चर्च आहे. भोवती सपाट वाळवंट, मेस्कीटची काटेरी झाडं, आणि मधोमध पांढरीशुभ्र वास्तू. पुढे दोन मनोरे, त्यातला पूर्वेकडचा घुमटाविना अपुरा राहिलेला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्यामुळे मूर्ती आणि रंगकामाच्या आधी माझी नजर भार कुठून कुठे उतरतो याकडे जाते. हा धागा मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. हे चर्च ज्या संताच्या नावाने आहे तो आपल्या परिचयाचा आहे: फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव गोव्याला बॉम जेझूस चर्चमध्ये आहे. एउसेबियो किनो हा जेझुइट धर्मगुरू तरुणपणी मोठ्या दुखण्यातून वाचला, ते झेवियरच्या कृपेने असं त्याने मानलं आणि आपल्या नावात फ्रान्सिस्को जोडलं. झेवियरसारखं पूर्वेकडे, चीनला जावं ही त्याची इच्छा होती, पण संघाने त्याला मेक्सिकोला पाठवलं. १६९२ मध्ये तो बाक या ओओधाम वस्तीत पोचला, आणि पूर्वेला जायला न मिळालेल्या या माणसाने वाळवंटातल्या वस्तीला झेवियरचं नाव दिलं. १७०० मध्ये त्याने तिथे एका चर्चचा पाया घातला, पण ते आजचं चर्च नव्हे. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या साम्राज्यातून जेझुइटांना हाकललं आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस्कन संघाने इथला कारभार हाती घेतला.

आजची इमारत १७८३ ते १७९७ या काळातली. काम सुरू केलं फादर हुआन बाउतिस्ता वेल्देर्राइन यांनी. त्यांनी एका जमीनदाराकडून ७,००० पेसो कर्ज घेतलं आणि तारण काय ठेवलं, तर अजून न पेरलेला गहू. १७९० मध्ये ते वारले आणि फादर हुआन बाउतिस्ता ल्योरेन्स यांनी काम पुढे नेलं. प्रमुख गवंडी इग्नासिओ गाओना, आणि अंगमेहनत ओओधाम लोकांची.

आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या उत्तर सीमेवर चर्च बांधायचं म्हणजे सहसा कच्च्या विटांच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांचं सपाट छत. इथे मात्र भाजलेल्या विटा, चुना, आणि वर सगळीकडे घुमट. असं का? वाळवंटात लांब, सरळ लाकूड जवळपास मिळत नाही. मेस्कीट कठीण आणि टिकाऊ, पण वाकडं. दाराला उत्तम, तुळईला निरुपयोगी. पाइनची झाडं दूर डोंगरावर. पण लाकूड नाही एवढ्यावर कोणी घुमट बांधत नाही. घुमट बांधायला तो कसा उभा करायचा हे माहीत असलेला माणूस लागतो, आणि गाओनाच्या रूपाने तो इथे आला होता. मेक्सिकोतली घुमटकामाची जी परंपरा होती, तिचं हे उत्तरेकडचं एक टोक आहे.

आराखडा क्रूसाच्या आकाराचा. लांब मध्यभाग, दोन बाजूंना दोन हात, टोकाला वेदी. मध्यभागाचे खण पाडलेले आहेत, दोन खणांमध्ये आडवी कमान, आणि प्रत्येक खणावर उथळ घुमट. क्रूसाच्या मध्यावर मोठा घुमट, तो अष्टकोनी पट्ट्यावर उभा, आणि त्या पट्ट्यातल्या खिडक्यांतून उजेड खाली येतो. खणांची मापं सारखी असली की बांधकामाच्या दृष्टीने मोठा फायदा होतो. कमानीखालचा लाकडी आधार, म्हणजे आपले गवंडी ज्याला ढोला म्हणतात, तो एका खणातून काढून पुढच्या खणात लावता येतो. लाकूड दुर्मीळ असेल तिथे ही बचत लहान नाही.

घुमट खाली ढकलतो तसा बाहेरही ढकलतो. तो बाहेरचा रेटा कोण घेतं? भिंती जाड आहेत: दोन्ही बाजूंना विटांचं बांधकाम, मधे चुन्यात घातलेला दगडगोट्यांचा भराव. क्रूसाचे दोन हात मोठ्या घुमटाला दोन बाजूंनी टेकू देतात. आणि दर्शनी बाजूला मनोऱ्यांचे भक्कम चौकोनी तळ आहेत, ते पहिल्या खणाचा रेटा अडवतात. मनोऱ्याच्या वरच्या भागात चौकोनाचा अष्टकोन होतो, तिथे कोपऱ्यातल्या खांबांपासून आत झुकलेल्या छोट्या कमानी आहेत. त्या शोभेच्याही आहेत आणि कामाच्याही.

आत गेल्यावर डोळे दिपतात. संगमरवर नाही, चकाकत्या फरशांचे पट्टे नाहीत, पण दोन्ही दिसतात, कारण ते गिलाव्यावर रंगवलेले आहेत. काही दारंसुद्धा रंगवलेलीच आहेत. खऱ्या दारासमोर सममिती साधायला खोटं दार. जे परवडत नव्हतं ते त्यांनी रंगाने उभं केलं, आणि इतक्या मनापासून केलं की फसवणूक वाटत नाही.

तुम्हांपैकी कोणी न्यू मेक्सिको, टेक्सास, कॅलिफोर्निया इथली मिशन चर्चेस (म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी धर्मगुरूंनी वसवलेल्या ठाण्यांतली) पाहिली असतील तर लिहा. गिलाव्याची गोष्ट राहिली आहे, ती मी पुढच्या प्रतिसादात लिहितो. माझ्या मते या सगळ्या इमारतींचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

---

पागोळी

सुंदर लेख. एक शंका: पूर्वेचा मनोरा अपुरा का? आमच्या गाइडने सांगितलं की एक कामगार वरून पडून मेला म्हणून काम थांबवलं.

---

कोरडवाहू

@पागोळी, ही कथा तिथे खूप ऐकायला मिळते, आणि तिच्यासोबत आणखी चारदोन कथा. दर्शनी भिंतीवर एका बाजूला मांजर आणि दुसऱ्या बाजूला उंदीर आहे, मांजराने उंदीर पकडला की जगाचा शेवट, अशीही एक. मनोऱ्याच्या बाबतीत मला सर्वांत पटतं ते कारण साधं आहे: पैसे संपले. उधारीवर सुरू झालेलं काम चौदा वर्षं चाललं होतं. ताळा करायला शेजारचंच उदाहरण घ्या. दक्षिणेला तुमाकाकोरी मिशन आहे. तिथल्या धर्मगुरूंनाही सान हाविएरच्या तोडीचं चर्च हवं होतं. काम १८०० च्या सुमारास सुरू झालं, पैशाअभावी रखडलं, आकार लहान केला, घुमटांचा बेत सोडून बहुतेक भागावर सपाट छत घातलं. १८२१ मध्ये मिशनची हजारो गुरं विकून काम पुढे रेटलं, आणि खरेदीदाराने ठरल्या वेळी पूर्ण पैसेच दिले नाहीत. तिथला घंटामनोरा आजही अपुरा आहे. सरहद्दीवरच्या चर्चचा आकार गहू आणि गुरं ठरवत होती.

---

माळवद_उस्मानाबाद

मी आल्बुकर्कीला असतो, त्यामुळे न्यू मेक्सिकोबद्दल लिहिण्याचा हक्क बजावतो. इथली मिशन चर्चेस सान हाविएरपेक्षा दीडशे वर्षं जुनी. आणि माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या माणसाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटतात, कारण इथलं छत म्हणजे आमचं माळवद. जाड मातीच्या भिंती, त्यावर ओळीने तुळया, तुळयांवर आडव्या बारीक काठ्या, त्यावर गवत-पालापाचोळा, आणि वर मातीचा जाड थर. पाणी काढायला कठड्यातून बाहेर आलेल्या लाकडी पन्हाळी. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे तिच्याखाली कोरलेला लाकडी हात असतो, तो भार पसरवतो. ना कमान, ना घुमट.

यातून चर्चचा सगळा आकार ठरतो. तुळई जेवढी लांब तेवढीच आतली रुंदी. म्हणून चर्च अरुंद आणि लांबलचक होतं, बाजूला खांबांच्या रांगा नाहीत, एकच सलग दालन. मोठं हवं असेल तर लांबी वाढवायची आणि उंची वाढवायची.

पण या लोकांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडते. वेदीच्या भागाचं छत मुख्य दालनाच्या छतापेक्षा थोडं उंच ठेवायचं. दोन छतांमध्ये जी उभी फट राहते तिथे आडवी लांब खिडकी. दालनात उभ्या माणसाला ती दिसतच नाही, कारण ती त्याच्या डोक्यावर, पुढच्या बाजूला तोंड करून असते. बाजूच्या खिडक्या मोजक्या आणि लहान, म्हणून दालन अंधारं. आणि समोर वेदीवर मात्र वरून उजेडाचा झोत. घुमटाच्या खिडक्यांनी जे साधतं ते यांनी सपाट छतात साधलं. स्पेनमध्ये किंवा मध्य मेक्सिकोत हा प्रकार असा सरसकट आढळत नाही, तो इथेच रुजला.

आकोमाला जरूर जा. सुमारे ११० मीटर उंच, कडे तुटलेल्या पठारावर गाव आहे, आणि तिथे सान एस्तेबान देल रे चर्च. १६२९ मध्ये फादर हुआन रामिरेझ यांच्या काळात सुरू झालं. पठारावर माती नाही, नुसता खडक. भिंतींची माती खालून आणली, चर्चसमोरच्या दफनभूमीत भरायची मातीसुद्धा खालून आणली. तुळया जवळपास पन्नास किलोमीटरवरच्या माउंट टेलर डोंगरातून. गावातले लोक सांगतात की वाटेत त्या जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत असा दंडक होता.

न्यू मेक्सिकोतल्याच पेकोस गावाची गोष्टही सांगतो. फादर बेनाविदेस यांनी १६३० मध्ये राजाला लिहिलेल्या अहवालात पेकोसच्या चर्चचं मोठं वर्णन आहे. आज उभे असलेले अवशेष लहान चर्चचे, त्यामुळे अभ्यासकांना ते वर्णन फुगवलेलं वाटायचं. १९६७ मध्ये खोदकामात त्याच अवशेषांखाली आणि भोवती फार मोठ्या चर्चचा पाया सापडला. मूळ रहिवाशांच्या १६८० च्या उठावात पाडलेलं जुनं चर्च ते. त्याला सुमारे तीन लाख कच्च्या विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. एकेक वीट हाताने साच्यात थापून, उन्हात उलटून-पालटून वाळवलेली.

---

शमी

धागा वाचनीय आहे, पण एका गोष्टीबद्दल वाचताना मला अस्वस्थ वाटलं म्हणून लिहिते. "माती खालून आणली", "तुळया आणल्या". कोणी आणल्या, कोणत्या परिस्थितीत? आकोमाचं नाव निघालं आहे तर हेही यायला हवं. जानेवारी १५९९ मध्ये स्पॅनिश सैन्याने आकोमावर हल्ला केला, शेकडो माणसं मारली. नंतर गव्हर्नर ओन्यातेने पंचविशीवरच्या पुरुषांचा एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षं वेठबिगारीची शिक्षा फर्मावली. त्या गावात तीस वर्षांनी हे चर्च उभं राहिलं. तुळया वाहणाऱ्यांच्या घरात ती आठवण ताजी असणार. ओन्यातेवर पुढे मेक्सिकोत खटला चालला आणि त्याला न्यू मेक्सिकोतून कायमचं हद्दपार केलं, म्हणजे त्या काळच्या मापानेही ते क्रूर होतं.

१६८० मध्ये पोपे नावाच्या नेत्याने बहुतेक पुएब्लो गावांना (म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या गावांना) एकत्र केलं आणि एकाच वेळी उठाव झाला. एकवीस धर्मगुरू मारले गेले, सुमारे चारशे स्पॅनिश माणसं मेली, बाकीचे पळाले. बारा वर्षं तिथे स्पॅनिश सत्ता नव्हती. लोकांनी चर्चेस जाळली, पाडली. वास्तुरचनेचं कौतुक करताना हा राग त्याच भिंतींच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितला पाहिजे असं मला वाटतं.

---

माळवद_उस्मानाबाद

शमीताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यात भर घालतो. बेनाविदेस यांच्याच अहवालात आहे की या लोकांमध्ये भिंती बांधणं हे बायकांचं काम, पुरुष सूत काततात, विणतात, शिकारीला आणि लढाईला जातात. एखाद्या पुरुषाला भिंतीच्या कामाला लावलं तर तो पळून जातो आणि बायका हसतात. तेव्हा न्यू मेक्सिकोतल्या त्या अवाढव्य भिंतींचा मोठा भाग बायका आणि मुलांनी उभारलेला आहे. स्पॅनिश येण्याच्या आधी शेकडो वर्षं या बायका मातीच्या बहुमजली वस्त्या बांधत होत्या. त्या काळी चिखलाचे थर हातानेच रचत. साच्यात घातलेली वीट, धातूची कुऱ्हाड, करवत, रंधा, खिळे हे स्पॅनिशांनी आणलं. तुळया, काठ्या, माती, गिलावा हे ज्ञान तिथलंच.

अवशेषांत आणखी एक गोष्ट दिसते. पेकोस, आबो, क्वाराई या मिशनांत धर्मगुरूंच्या मठाच्या आवारातच किवा आहेत, म्हणजे पुएब्लो लोकांच्या धार्मिक विधींच्या खोल्या. त्या तिथे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. धर्मगुरूंनी सुरुवातीला मुद्दाम मुभा दिली असं काही म्हणतात, पेकोसच्या किवेबद्दल काहींचं मत असं की ती उठावानंतर लोकांनी मुद्दाम तिथे खोदली.

आणि आकोमाचं चर्च त्या उठावात पाडलं गेलं नाही. ते आज आकोमा लोकांच्या ताब्यात आहे, देखभाल तेच करतात, फोटो काढायचे की नाही हेही तेच ठरवतात. ज्यांच्या पूर्वजांनी तुळया वाहिल्या त्यांचाच आता त्या इमारतीवर शब्द चालतो.

---

कोरडवाहू

शमी, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. सान हाविएरचा काळ वेगळा, तिथे ओओधाम आणि स्पॅनिश दोघांनाही अपाचे टोळ्यांच्या धाडींची भीती होती, त्यामुळे संबंधही वेगळे होते. तरी १७५१ मध्ये ओओधाम लोकांनीही उठाव केला होता. गाओनाचं नाव आपल्याला माहीत आहे, विटा भाजणाऱ्या, चुना मळणाऱ्या शेकडो ओओधाम माणसांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. म्हणूनच मला इमारत त्यांच्या कामाच्या खुणांतून वाचावीशी वाटते.

आता गिलाव्याकडे.

विटेचं, मातीचं किंवा मऊ दगडाचं बांधकाम श्वास घेतं. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पावसाचं पाणी थोडंफार शिरतं, आणि ते पुन्हा वाफ होऊन बाहेर पडायला हवं. चुन्याचा गिलावा ते पडू देतो. तो स्वतः झिजतो, भेगाळतो, दर काही वर्षांनी दुरुस्त करावा लागतो. झिजायचं ते त्याने, आतली भिंत शाबूत. विसाव्या शतकात लोकांना वाटलं की सिमेंटचा थर दिला की कायमची कटकट मिटेल. सान हाविएरच्या बाहेरच्या बाजूला १९८० च्या दशकात सिमेंटचा गिलावा चढला. सिमेंट कडक आणि घट्ट. ऊन-थंडीत त्याला बारीक चिरा जातात, चिरांतून पाणी आत शिरतं, आणि बाहेर पडायला वाट नसते. मऊ भाजणीची वीट आतल्या आत भिजून भुकटी होऊ लागली. आतल्या भिंतींवरची दोनशे वर्षांची चित्रं फुगून सुटू लागली.

मग सिमेंट काढून पुन्हा चुना लावायचं ठरलं, आणि त्यात फड्या निवडुंगाचा चीक घातला. निवडुंगाचे पंजे चिरून पाण्यात ठेवायचे, जो बुळबुळीत रस उतरतो तो चुन्यात मिसळायचा. त्याने गिलावा हाताला मऊ लागतो, सावकाश वाळतो, भेगा कमी पडतात आणि पाणी लवकर शिरत नाही. मेक्सिकोत ही जुनी रीत आहे. आतल्या चित्रांचं काम १९९२ ते १९९७ या काळात झालं. इटलीसारख्या देशांतून आलेल्या तज्ज्ञांनी ते केलं आणि सोबत ओओधाम तरुणांना हे शास्त्र शिकवलं, म्हणजे पुढची देखभाल गावातल्याच हातांनी व्हावी.

असाच अनुभव न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओसच्या सान फ्रान्सिस्को दे आसीस चर्चला आला. चित्रकार जॉर्जिया ओकीफने ज्याच्या मागच्या बाजूची चित्रं काढली तेच हे. ते मिशन नव्हे, स्पॅनिश वसाहतीतल्या लोकांचं गावचर्च, पण बांधणी तीच. १९६७ मध्ये मातीच्या भिंतींवर कडक गिलावा चढवला. आत ओल साठून मातीचा पुन्हा चिखल होऊ लागला. १९७९ मध्ये तो सगळा काढला आणि गाव पुन्हा मातीच्या लेपाकडे वळलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावकरी जमून माती आणि गवताचा काला मळतात आणि भिंती हाताने लिंपतात.

---

बंदरपाखाडी

मी वसईचा. आमच्याकडची जुनी चर्चेस पोर्तुगीज, स्पॅनिश नव्हेत. पण १५८० ते १६४० या काळात दोन्ही देशांवर राजा एकच होता, आणि संघही तेच: फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन. १६२९ मध्ये आकोमाचं काम सुरू झालं तेव्हा वसईच्या किल्ल्यातली चर्चेस आणि ते चर्च एकाच राजाच्या सत्तेखाली होती, हे वाचताना ध्यानात आलं.

गिलाव्याचं वाचून मात्र काळजात कळ आली, कारण झेवियरच्या नावाच्या चर्चने जे भोगलं तेच त्याचं शव जिथे आहे त्या चर्चने भोगलं, उलट दिशेने. गोव्याचं बॉम जेझूस १५९४ ते १६०५ मध्ये बांधलं, जांभा दगडाचं. त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तो काढून टाकला, दगड उघडा दिसावा म्हणून. आज पर्यटक ज्या तांबूस भिंतीचे फोटो काढतात ती भिंत उघडी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. जांभा सच्छिद्र, कोकण-गोव्याचा पाऊस धो धो. दगड झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा लावा अशी मागणी अनेक वर्षं चालली आहे. विरोध होतो तो सवयीमुळे: लोकांना तेच रूप मूळचं वाटतं. सान हाविएरला सिमेंट काढायचं धाडस केलं, तसं इथे चुना लावायचं धाडस व्हावं असं मला मनापासून वाटतं.

एक विचारायचं होतं. सान हाविएरला झेवियरची मूर्ती आहे का?

---

कोरडवाहू

@बंदरपाखाडी, मुख्य वेदीवर मध्यभागी उभी मूर्ती आहे. आणि पश्चिमेकडच्या हातात त्याची निजलेली मूर्ती आहे, अंगावर चादर, नवसाच्या छोट्या धातूच्या वस्तू टाचलेल्या. भाविक येतात आणि मूर्तीचं डोकं हलकेच उचलून बघतात. किनो १७११ मध्ये आजच्या मेक्सिकोतल्या माग्दालेना गावी वारला, तेही झेवियरच्या नावाच्या एका प्रार्थनालयाच्या समर्पणासाठी गेला असताना. त्या गावी ऑक्टोबरमध्ये आजही मोठी यात्रा भरते. अ‍ॅरिझोनातले ओओधाम लोकसुद्धा सरहद्द ओलांडून तिथे जातात.

---

भूकंपमापी

कॅलिफोर्नियाचा विषय कोणी काढला नाही म्हणून. १७६९ ते १८२३ या काळात तिथे २१ मिशन उभी राहिली, पहिलं सान दिएगो. बहुतेक चर्चेस कच्च्या विटांची, लाकडी छताची. सुरुवातीला छतावर गवत-बोरू असे, ते आगीत जाई. सान लुईस ओबिस्पोला १७७६ मध्ये जळते बाण सोडून छत पेटवलं गेलं, त्यानंतर कौलांकडे कल वाढला. ही लाल कौलं पुढे कॅलिफोर्नियाची ओळखच झाली.

पण मला सांगायचं आहे ते सान हुआन कापिस्त्रानोबद्दल. १७९७ मध्ये तिथे दगडी चर्च सुरू केलं. मेक्सिकोतल्या कुलियाकानहून इसिद्रो आगिलार नावाचा गवंडी आणला, सात घुमट योजले. आगिलार १८०३ मध्ये वारला. काम तरी १८०६ मध्ये पुरं झालं. ८ डिसेंबर १८१२ ला सकाळची मिस्सा चालू असताना भूकंप झाला. घुमट कोसळले, मनोरा पडला, चाळीस मूळनिवासी माणसं गाडली गेली, त्यात घंटा वाजवणारी दोन मुलं होती. जेमतेम सहा वर्षांचं चर्च. वेदीकडचा भाग तेवढा उभा राहिला, तो आजही आहे.

कोरडवाहू यांनी रेट्याचं लिहिलं त्यावरून यातलं कारण समजतं. चुन्यात रचलेला दगड दाबाला उत्तम, ताणाला जवळजवळ शून्य. घुमटाचा रेटा भिंतीने पेलला तरी जमीन आडवी हलली की तोच जड घुमट भिंतीला दोन्हीकडे फेकतो, आणि वस्तुमान सगळं वरच्या भागात. त्याच आवारात १७८० च्या दशकातलं, कच्च्या विटांचं, बुटकं आणि हलक्या छताचं जुनं प्रार्थनालय आहे. ते वाचलं, आजही वापरात आहे.

---

शमी

हे वाचून वाटलं, ज्यांनी दगड वाहिले तेच त्याखाली गेले. कॅलिफोर्नियातल्या मिशनांत मुळात रोगराईने माणसं प्रचंड प्रमाणात मरत होती, पळून जाणाऱ्यांना पकडून आणून फटके देत. तिथली मिशन सुरू करणारे धर्मगुरू हुनिपेरो सेर्रा यांना २०१५ मध्ये संतपद दिलं तेव्हा तिथल्या अनेक मूळनिवासी समाजांनी निषेध केला होता, तो यासाठी. भूकंपमापी, आगिलार गेल्यावर काम कोणी पुरं केलं?

---

भूकंपमापी

तिथले लोक आणि धर्मगुरू यांनी मिळून. त्याच्या तोडीचा दुसरा गवंडी आला नाही. कामाचा दर्जा त्यानंतर उतरला असं म्हणतात, पण दोष त्यांच्यावर टाकणं मला योग्य वाटत नाही. एवढ्या मोठ्या धक्क्यात आगिलारने पुरं केलेलं चर्चही टिकलं असतं असं मी म्हणणार नाही.

---

पागोळी

आम्ही टेक्सासला होतो तेव्हा सान आंतोनियोची मिशन पाहिली. २०१५ पासून जागतिक वारसा आहेत. कॉन्सेप्सियोन चर्च १७५५ मध्ये पुरं झालं, दगडी, घुमट आणि दोन मनोरे. ते कधी पडलंच नाही! आतली चित्रंही थोडी शिल्लक आहेत. सान होसे जास्त नक्षीदार, त्याची कोरीव खिडकी प्रसिद्ध आहे, पण एकोणिसाव्या शतकात त्याचा घुमट आणि भिंत कोसळली, १९२८ मध्ये मनोराही, आणि १९३० च्या दशकात पुन्हा बांधलं. एस्पादा मिशनला अठराव्या शतकातला पाण्याचा पाट आणि ओढ्यावरचा दगडी जलसेतू अजून पाणी वाहतो. ते बघून माझे वडील सगळ्यांत जास्त खूश झाले, पाटबंधारे खात्यात होते.

---

वाडा_चिरेबंदी

सगळा धागा एका दमात वाचला. आमच्या वाईजवळच्या घराच्या विटांच्या भिंतींवर मागच्या पिढीत सिमेंटचा गिलावा झाला, आणि आता खालचे तीन फूट कायम ओले, पोपडे पडतात. कोरडवाहू, सान हाविएरला सिमेंट काढताना नेमकं काय केलं? आम्हाला काही करता येईल का?

---

कोरडवाहू

@वाडा_चिरेबंदी, तत्त्व तेच आहे, क्रम सांगतो. सिमेंट काढताना यंत्राने ठोकू नका, छिन्नीने हलक्या हाताने, नाहीतर विटेचा दर्शनी पापुद्रा सिमेंटसोबत निघतो. एकदम सगळी भिंत उघडी करू नका, टप्प्याटप्प्याने करा. भुकटी झालेल्या विटा काढून त्याच भाजणीच्या जुन्या विटा चुन्यात बसवा. सान हाविएरच्या मनोऱ्यांतही विटा बदलाव्या लागल्या होत्या. मग भिंत वाळू द्या. हा सर्वांत लांबणारा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, महिनोन्महिने लागतात. भिंतीतले क्षार पांढरे होऊन वर येतील, ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका.

चुना फक्की नको, भिजवून मुरवलेला हवा. आपल्याकडे त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालण्याची रीत आहे, ते जाणणारे गवंडी सातारा-पुणे भागात अजून आहेत, किल्ल्यांच्या दुरुस्तीवर काम करतात. थर पातळ द्या, प्रत्येक थर कडक झाल्यावरच पुढचा, आणि पहिले काही दिवस ओली गोणपाटं लावून सावलीत ठेवा. वरून ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा रंग अजिबात नको, चुन्याची सफेदीच.

त्याआधी भिंतीच्या पायथ्याशी बाहेरून पाणी कुठे साचतं ते बघा. अंगणाची फरशी किंवा काँक्रीट भिंतीला भिडलं असेल तर तिथे हातभर पट्टा उघडा करून खडी भरा. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दूर सोडा. हे न करता नुसता गिलावा बदलला तर तीन फुटांची ओल तशीच राहील. दिवाळीनंतर काम सुरू केलंत तर पावसाळ्यापर्यंत भिंतीला वाळायला वेळ मिळेल. भिंतीचे फोटो टाका, खालच्या भागाचे जवळून.